चुडामणची पितळी वाटी

चुडामण खोटं बोलत नसे. आता तो गेला म्हणून लोक त्याला गुण म्हणतात. मी त्याच्याबरोबर सतरा वर्षं काम केलंय, तेव्हा मला विचाराल तर तो गुण नव्हता, खोड होती. पेशंटच्या तोंडावर "तुमचं रक्त फारच पाणचट शे, भाऊ" असं सांगणारा लॅबवाला कुठल्या डॉक्टरला परवडेल? पेशंट घाबरून माझ्याकडे धावत यायचा आणि मी त्याची समजूत घालत बसायचो. आणि माझा स्वभाव तर सगळ्या धुळ्याला माहीत. राग नाकाच्या शेंड्यावर. त्यामुळे दिवसातून एकदा तरी आमची वाजायची. म्हणजे मी वाजायचो, तो ऐकून घ्यायचा.

तो शिरपूरकडचा, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका खेड्यातला. मॅट्रिकला दोनदा आपटला आणि मलेरियाच्या योजनेत लागला. पाड्यापाड्यांवर हिंडायचं, लोकांची बोटं टोचायची, काचेवर थेंब घ्यायचा आणि मग मायक्रोस्कोपला डोळा लावून त्या थेंबात हिवतापाचे जंतू शोधायचे, हे त्याने सहा वर्षं केलं. माणसांचे चेहरे त्याच्या लक्षात राहत नसत, पण बोटं राहत. मी १९६४ साली त्याला माझ्या देवपुरातल्या दवाखान्यात आणला आणि फळीची भिंत घालून शेजारची खोली त्याला लॅब म्हणून दिली.

आज रक्ताच्या पेशी मशीन मोजतं. तेव्हा माणूस मोजायचा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार, आणि त्यांच्या पाच जाती. कोणती जात किती, हे कळायला काचेवर रक्त पसरून, रंगवून, एकेक पेशी ओळखत शंभर पेशी मोजाव्या लागतात. त्यासाठी बटणं असलेलं एक यंत्र मिळायचं, ते मी घेतो घेतो म्हणत कधी घेतलं नाही. चुडामणने आपली युक्ती काढली. शंभर ज्वारीचे दाणे मोजून एका ताटलीत घ्यायचे. समोर पाच भांडी. डोळा मायक्रोस्कोपवरून हलवायचा नाही. पेशी दिसली की दाणा उचलायचा आणि तिच्या भांड्यात टाकायचा. शंभर संपले की भांड्यांतले दाणे मोजायचे.

भांडीही त्याने मुद्दाम वेगवेगळी ठेवली होती, आवाजावरून चूक कळावी म्हणून. न्यूट्रोफिल नावाच्या पेशींसाठी पितळी वाटी. या पेशींचं केंद्रक गाठी मारल्यासारखं दिसतं म्हणून तो त्यांना गाठाळ म्हणायचा. आलेल्या रोगजंतूंवर पहिली झडप घालणारे हेच, आणि चांगल्या रक्तात शंभरात साठ-पासष्ट हेच असतात. गोल केंद्रकाच्या लिम्फोसाइटला मातीचं बोळकं. ज्यांच्यात शेंदरी कण दिसतात त्या इओसिनोफिलला बूटपॉलिशच्या डबीचं टिनाचं झाकण. चौथ्या, आकाराने मोठ्या जातीला शाईची दौत, आणि पाचवी जात इतकी क्वचित दिसते की तिच्यासाठी ठेवलेली करवंटी बहुतेक रिकामीच असायची. फळीच्या अलीकडे पेशंट तपासता तपासता मला पलीकडचा रिपोर्ट अर्धा तसाच कळायचा. निरोगी माणूस असला की पितळी वाटी सारखी टणटण वाजत राहायची.

आता १९६८ च्या जानेवारीतल्या त्या सोमवारची गोष्ट सांगतो.

गल्ली नंबर चारमध्ये भिकमचंद शेठचं कपड्याचं दुकान होतं आणि वर बिऱ्हाड. घर जैन मारवाडी, रीतीचं. त्यांच्या दोन मुलांना जळगावच्या उत्तमचंद शेठच्या दोन मुली दिलेल्या होत्या. सख्ख्या बहिणी, आता सख्ख्या जावा. थोरली तारादेवी, धाकटी धनकुंवर. धनकुंवर एकोणीस वर्षांची. तिचे गुडघे दुखत होते म्हणून तीन आठवड्यांपूर्वी मी तिला एक गोळी लिहून दिली होती, दिवसातून तीनदा. दुखण्याला आणि तापाला ती गोळी त्या काळी आम्ही सर्रास द्यायचो. गुडघे दुखायचे राहिले. पण शुक्रवारपासून तिला कडकडून ताप भरला आणि घसा असा सोलून निघाला की पाणी गिळवेना. मी पेनिसिलिन सुरू केलं आणि सोमवारी सकाळी चुडामणला रक्त घ्यायला घरी पाठवलं.

त्या सकाळी फळीपलीकडून आवाज ऐकू येईना. एरवी दहा-पंधरा मिनिटांत शंभर दाणे संपायचे. पाऊण तास झाला. मध्येच बोळक्यात एखादा दाणा पडल्याचा मऊ आवाज यायचा, की पुन्हा शांतता. दीड तासाने चुडामण बाहेर आला. त्याचा चेहरा उतरला होता. एरवी दवाखान्यात तो पुस्तकी मराठी बोलायचा. घाबरला की थेट अहिराणीत शिरायचा.

"डॉक्टरसाहेब, पितळीमा दोनच दाना शेतस."

मी कागद घेतला. घनमिलिमीटरमागे पाच हजारांच्या वर असायला हव्यात अशा पांढऱ्या पेशी नऊशे. त्यांतही गाठाळ शंभरात दोन. म्हणजे राखणदारच पळून गेले होते, आणि रोगाला घर मोकळं होतं. असं होतं तेव्हा कारण बहुतेकदा एखादं औषध असतं. मी हे पुस्तकात वाचलं होतं. पुस्तकात त्या औषधांची यादी होती, आणि मी दिलेल्या गोळीचं नाव त्या यादीत होतं. तसं असलं तर गोळी त्या क्षणी कायमची बंद करायची. पुन्हा दिली तर पोरगी वाचत नाही.

आता खरं सांगायचं तर माझी पाचावर धारण बसली. आणि घाबरलेला माणूस आधी दुसऱ्याची चूक शोधतो. "रंग शिळा वापरलास का?" मी चुडामणला विचारलं. "पिपेट ओली होती का?" तो नाही म्हणाला. "उद्या सकाळी परत घे," मी म्हणालो आणि शेठकडे निरोप पाठवला की उद्याचा रिपोर्ट येईपर्यंत गोळी थांबवा. तेवढी अक्कल तरी शाबूत होती.

मंगळवारी तो पुन्हा गल्ली नंबर चारला गेला. त्या घरात सुना परपुरुषासमोर येत नसत. पलंगापुढे पडदा ओढलेला असायचा, पडद्यापलीकडून घुंघट घेतलेल्या बाईचा हात बाहेर यायचा, आणि शेजारी सासू पानबाई बसलेली असायची. चुडामणने बोट टोचलं, पहिला थेंब पुसला, दुसरा काचेवर घेतला आणि तो परत आला.

अकराच्या सुमाराला फळीपलीकडे पितळी वाटी वाजू लागली. टण्ण, टण्ण, टण्ण. मी एका पेशंटच्या छातीला नळी लावून बसलो होतो, ती काढून ऐकत राहिलो. आयुष्यात कुठल्या देवळाच्या घंटेने मला एवढा आनंद दिला नव्हता. मधून मधून टिनाचं झाकणही वाजत होतं, आणि जरा जास्तच वाजत होतं. ते मी ऐकलं. ऐकलं आणि सोडून दिलं, कारण मला हवं ते पितळ वाजत होतं.

एकूण पेशी सात हजार चारशे. गाठाळ छपन्न, गोल अठ्ठावीस, शेंदरी चौदा, मोठ्या दोन. रिपोर्ट माझ्या हातात होता तेवढ्यात भिकमचंद शेठ स्वतः विचारायला आले. मी मोठ्या आवाजात, बाहेरच्या बाकावरच्या पेशंटांनाही ऐकू जाईल असं सांगितलं, "शेठ, रिपोर्ट उत्तम आहे. काल आमच्या माणसाने घोळ घातला होता. गोळी सुरू करा. ताप उतरत नाही ना, मग आज संध्याकाळी एकदम दोन द्या."

"सूरज डुबायच्या आत देतो, डॉक्टरसाब," शेठ म्हणाले. त्यांच्याकडे सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणी नाही आणि तोंडातून औषधही नाही. आजाऱ्यालाही ती सवलत पानबाई देत नसत. म्हणून संध्याकाळची गोळी नेहमी सहाच्या आतबाहेर दिली जायची.

शेठ गेले. चुडामण दारात उभा होता. मी त्याच्याकडे बघून म्हणालो, "एका माणसाचा जीव टांगणीला लावलास काल. ज्वारी मोजायची असेल तर मार्केट यार्डात जा." बाकावरचे लोक हसले. तो आत गेला.

साडेचारला तो माझ्या टेबलाशी आला. दोन्ही हातांत एकेक काच होती.

"डॉक्टरसाहेब, मी मोजामा चुकनू नही," तो म्हणाला. "कालबी नही, आजबी नही."

"मग? एका रात्रीत पोरीच्या अंगात सहा हजार पेशी आल्या?"

"ह्या दोन बायांचं रक्त शे."

मी हसलोच. तो मात्र हसला नाही. "आजनं बोट गार व्हतं," तो म्हणाला. "कालनं बोट तपेल तव्यासारखं व्हतं. टोचायला धरलं तर माझाच हात भाजला. आजचं गार, आणि कातडी जाड. दोनदा टोचावं लागलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. आता काचा शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा आलं."

"थंडीचे दिवस आहेत. बोटं गारच असतात."

"थंडी कालबी व्हती."

मला राग चढू लागला. तो पुढे बोलतच होता. "आणि त्या शेंदरी चौदा कोठून उनात? काल एकबी नव्हती. तुम्ही सोता देखी ल्या. पण आधी कोणाला तरी गल्लीत पाठवा. गोळी द्यायला नको."

"म्हणजे शेठच्या घरात मला फसवायला दुसरी बाई बसवली होती? त्या खानदानी घरात? चुडामण, स्वतःची चूक झाकायला माणूस कुठवर जातो रे?" माझा आवाज चढला तो चढलाच. "बोट धरून रोग सांगणारा तू वैद्य केव्हापासून झालास? उद्यापासून येऊ नकोस. पगार घरी पाठवून देईन."

त्याने काचा माझ्या टेबलावर ठेवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. खुंटीवरची टोपी घेतली आणि गेला. मी पुढच्या पेशंटला हाक मारली. तीन-चार जण तपासून झाले.

मग आत आली ती धुरपदाबाई, मोहाडीची एक म्हातारी शेतकरीण. दर हिवाळ्यात तिला दमा उठायचा. छाती घरघरत होती. मी तिला तपासलं आणि सवयीने रक्ताची चिठ्ठी लिहू लागलो, इओसिनोफिल बघायला. दम्याच्या माणसाच्या रक्तात त्या शेंदरी पेशी वाढलेल्या असतात, हे तर वैद्यकीच्या पोरालाही माहीत. चिठ्ठी लिहिली आणि हाक मारली, "चुडामण!" पलीकडून ओ आली नाही. कशी येईल? आणि मग हातातल्या चिठ्ठीकडे बघता बघता मला आठवलं की अशीच चिठ्ठी मी गेल्या हिवाळ्यात गल्ली नंबर चारमधल्या एका बाईसाठी लिहिली होती. भिकमचंद शेठच्या थोरल्या सुनेसाठी. तारादेवीला दमा होता. तेव्हा तिच्या शेंदरी पेशी पंधरा आल्या होत्या.

मी उठलो. धुरपदाबाई म्हणाली, "काय व्हयनं, दादा?" मी तिला काय सांगितलं ते आठवत नाही. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती. दवाखान्यात फोन नव्हता. नंबर लावून दोन वर्षं झाली होती. मी स्कूटरला लाथा मारत सुटलो. चौथ्या लाथेला ती सुरू झाली. पांझरेच्या पुलावर बैलगाड्यांची रांग होती, सगळ्या कापसाच्या, आणि त्यांच्यातून वाट काढताना उजव्या अंगाला ऊन लांबट होत चाललेलं दिसत होतं. मी तोंडाने गाडीवानांना शिव्या देत होतो आणि मनात एकच हिशेब चालला होता: कालपासून थांबवलेली गोळी आज मी स्वतः दोन द्यायला सांगितली आहे. मी सांगितली आहे. पोरगी मेली तर तिला तापाने मारलं असं जग म्हणेल, आणि मला तेवढं तरी माहीत असेल की ते खरं नाही.

दुकानाशी पोचलो तर जिन्याच्या पहिल्या पायरीवर चुडामण उभा. समोर दोन पायऱ्या वर भिकमचंद शेठ, वाट अडवून. चुडामणची टोपी हातात होती आणि कपाळावर त्या थंडीत घाम होता. मागाहून शेठनी मला सांगितलं की तो पाऊण तास तसाच उभा होता. "गोळी देऊ नका, आधी धाकल्या बाईचं बोट मला धरू द्या," एवढंच परत परत म्हणत होता. शेठनी साहजिकच विचारलं, "डॉक्टरसाबनी पाठवलं का?" आणि या शहाण्याने उत्तर दिलं, "नही. डॉक्टरसाहेबनी तर माले काढी टाकं."

एक शब्द 'हो' म्हणाला असता तर शेठनी त्याला मानाने वर नेला असता. एका पोरीच्या जिवावर बेतलेलं, पण याची जीभ खोट्याला वळायची नाही. त्या क्षणी मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याचे पायही धरावेसे वाटले. दोन्हीला वेळ नव्हता.

"गोळी दिली?" मी ओरडलो.

"आता देतेच आहे बाई," शेठ म्हणाले. "वेळ होत आली."

मी त्यांना बाजूला सारून जिना चढलो. कुणी परवानगी दिली नाही, मी मागितलीही नाही. पडदा ओढलेला होता. तो मी हाताने बाजूला केला. पलंगावर धनकुंवर उशांना टेकवून बसवलेली, पानबाईंचा एक हात तिच्या मानेखाली, दुसऱ्या हातात कोमट पाण्याची वाटी. गोळ्या पोरीच्या तळहातावर होत्या. दोन्ही. घसा दुखतो म्हणून ती गिळायला घाबरत होती, तेवढ्याने ती वाचली होती. मी तिचा हात धरला, आणि गोळ्या माझ्या मुठीत आल्या. तिचा हात तव्यासारखाच तापला होता. चुडामणने सांगितलं होतं तसाच.

"आज सकाळी रक्त दिलं ते याच हाताचं का?" मी विचारलं.

पानबाईंनी मान वळवली. मग कोपऱ्यातून, घुंघटाआडून आवाज आला. सासूसमोर परक्या पुरुषाशी सून बोलत नसते. त्या घरात ती तारादेवीची पहिली वेळ असावी.

"आंगळी म्हारी ही," ती म्हणाली. "धनी री कोनी." बोट माझं होतं, धनीचं नव्हे.

मग ती रडत रडत बोलत सुटली, अर्धं मारवाडीत, अर्धं मराठीत. सोमवारी टोचलं तेव्हा धनी फार रडली. अंगात त्राण नाही, घास जात नाही, आणि वर रोज रोज रक्त काढतात. मंगळवारी सकाळी ती बोटच पुढे करेना. तेव्हा तारादेवीने पडद्यामागे बसून आपला हात बाहेर काढला. पानबाईंनीही 'असू दे' म्हटलं. दोघी एका आईच्या पोटच्या, एका घरात दिलेल्या, एका चुलीवरचं खाणाऱ्या. "रक्त तो एकच ना, डॉक्टरसाब? सगी बहण हूं म्हैं."

मला खूप काही बोलायचं होतं. पण तिला काय बोलणार? तिने बहिणीचा एक टोचा आपल्या बोटावर घेतला होता. तिला रक्तातलं कळत नव्हतं. ज्याला कळत होतं त्याने टिनाचं झाकण वाजताना ऐकलं होतं आणि कानाआड केलं होतं, कारण गोळी त्याची स्वतःची होती. मला माझी भयंकर लाज वाटली. मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन हाक मारली, "चुडामणभाऊ, वर या." त्याला भाऊ म्हणण्याची ती माझी पहिली वेळ. तो वर आला, माझ्याकडे न बघता खाली बसला, धनकुंवरचं बोट दोन्ही हातांत धरून क्षणभर थांबला आणि मग टोचलं. या खेपेला तिने हात मागे घेतला नाही. दुसरा हात तारादेवीच्या हातात होता.

त्या दिवशी उजेड संपला होता. आमचा मायक्रोस्कोप आरशावर ऊन घेऊन चालायचा. बुधवारी सकाळी चुडामण मोजायला बसला. मी फळीला कान लावून उभा राहिलो. दोन तास बोळक्यात दाणे पडत राहिले. पितळी वाटी एकदाही वाजली नाही.

मी भिकमचंद शेठना समोर बसवून सगळं सांगितलं, गोळी माझी होती हेसुद्धा. गोळी बंद झाली आहे. आता हाडांच्या आत नव्या गाठाळ पेशी तयार व्हायला हव्यात. त्याला आठ-दहा दिवस लागतात. तोवर बाहेरचा कुठलाही जंतू तिला नेऊ शकतो. मुंबईला न्यायचं तर आगगाडीची गर्दीच तिला मारेल. "पहिली गाठाळ पेशी दिसली की मी निर्धास्त होईन," मी म्हणालो, "कारण एकदा त्या यायला लागल्या की मागोमाग येतातच. पण ती दिसेपर्यंत मी काहीही कबूल करत नाही." शेठनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "जसं तुम्ही सांगाल तसं."

मी सांगितलं: वेगळी खोली, उकळलेलं पाणी, आणि आत जाणाऱ्याने तोंडाला फडकं बांधायचं. त्या घरात हे शिकवावं लागलं नाही. पाणी ते पिढ्यान् पिढ्या उकळूनच पीत होते, आणि सामायिकाला, म्हणजे रोजच्या ध्यानाला, बसताना तोंडावर बांधायची मुहपत्ती घरात सगळ्यांकडे होती. पानबाईंनी ती बांधली, तारादेवीने बांधली आणि चुडामणसाठीही एक पांढरी स्वच्छ घडी करून दिली. पेनिसिलिनची सुई सहा-सहा तासांनी. दम्याची बाई शुश्रूषेला नको असं मी म्हटलं, पण तारादेवी उंबऱ्यावरून हलेना.

गुरुवारी पितळी रिकामी. शुक्रवारी रिकामी. शनिवारी ताप एकशे चार झाला आणि ती बडबडू लागली, जळगावच्या घराच्या गच्चीवरचं काहीतरी. उत्तमचंद शेठ जळगावहून आले आणि खाली दुकानात नुसते बसून राहिले. रविवारी आमची सुट्टी असायची. चुडामण सातलाच येऊन आरसा उन्हाकडे वळवून बसला होता. रिकामी. चुडामण आता जेवत नाही असं त्याची बायको मंजुळाबाई मला दवाखान्यात येऊन सांगून गेली. "दोन घास खातस अन् दाना मोजत बसतस," ती म्हणाली. मीही कुठे जेवत होतो. सोमवारी रिकामी. मंगळवारी शंभर पेशी शोधायला त्याला चार काचा लागल्या, आणि तरी रिकामी. त्या दिवशी तो बाहेर आला तेव्हा मी त्याला विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. त्याची मी माफीही मागितली नव्हती. दिवसातून दहादा ओठांवर यायची, पण माझ्यासारख्या माणसाला रागावणं जितकं सोपं तितकं हे अवघड.

बुधवारी बाक पेशंटांनी भरला होता. मी एका माणसाचं गळू कापत होतो. पलीकडे बोळक्यातला मऊ आवाज चालला होता, हळू, थांबत थांबत. मी मनात मोजत होतो. चाळीस. एक्केचाळीस. बेचाळीस. मग तो थांबला. बराच वेळ आवाजच नाही. मला वाटलं तो उठला, किंवा कंटाळला, किंवा रडतोय.

टण्ण.

मी चिमटा खाली टाकला. ज्याचं गळू होतं तो माणूस "अरे डॉक्टर" म्हणत राहिला आणि मी फळीचं दार ढकलून आत गेलो. चुडामण मायक्रोस्कोपवर वाकलेला होता. तोंडावर ती पांढरी मुहपत्ती, एक डोळा मिटलेला, डावा हात ताटलीत. पितळी वाटीच्या तळाशी ज्वारीचा एक दाणा होता.

मला बोलायचं होतं. माफीच मागणार होतो, खरंच. "चुडामणभाऊ—"

त्याने मान वर केली नाही. डोळा तसाच लावलेला, आणि त्या डोळ्यातून पाणी ओघळून नाकावर आलं होतं.

"बोलू नका, डॉक्टरसाहेब," तो म्हणाला. "अजून सत्तावन्न दाना बाकी शेतस."

मी भिंतीला टेकून गप्प उभा राहिलो. त्या सत्तावन्न दाण्यांत पितळी वाटी आणखी चारदा वाजली.